नजर टार्गेटवर नको
एअर पिस्तूलच्या नेमबाजीत नवीन माणसाचे शॉट भरकटत असतील तर ग्रिप (पिस्तूल धरायची पकड) बदला असं सुचवलं जातं, ठीक आहे, पण आधी नजर कुठे असते ते बघा. १० मीटर एअर पिस्तूलला दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिमी, त्यामुळे नवीन माणूस टार्गेटकडेच टक लावतो आणि पुढची साईट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) धूसर होते, तिथेच गडबड. साईट लख्ख हवी, टार्गेटचा काळा गोल पुसट दिसला तरी चालतं. मी दोन महिने कोऱ्या पांढऱ्या कागदासमोर पेलेट (छर्रा) न घालता ड्राय फायर, म्हणजे नुसतं ट्रिगर दाबायचा सराव केला (घरचे वैतागले त्या टकटक आवाजाला), तेव्हा कळलं की ट्रिगर दाबताना मनगटच खाली झुकतंय. आणि हात थोडा हलणारच, तो थांबायची वाट बघत बसलं की शेवटी ट्रिगर हिसकला जातो, त्यापेक्षा आठ-दहा सेकंदांत शॉट नाही सुटला तर सरळ हात खाली घ्या.