मदत हवी आहे: विहिरीचं पाणी स्वच्छ, तरी जुड्या धुण्याच्या टबात ई. कोलाय कसा?

नमस्कार मंडळी,

आम्ही पालेभाज्या, लेट्यूस आणि काकडी पिकवतो. यातलं बरंचसं लोक कच्चंच खातात. गेल्या महिन्यात नेहमी भाजी घेणाऱ्या एका घरातल्या चार वर्षांच्या मुलीला रक्ताचे जुलाब झाले. आता ती बरी आहे. आमच्याच भाजीने झालं असं कुणी म्हटलेलं नाही, ते कळायला मार्गही नाही. तिच्या आईने फक्त एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही भाजी कशी धुता हो?" मी उत्तर द्यायला गेले आणि मध्येच थांबले.

म्हणून दोन नमुने तपासून घेतले. विहिरीच्या १०० मिली पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू एकही नाही. सकाळच्या धुण्याच्या शेवटी टबातून घेतलेल्या पाण्यात मात्र इतके, की प्रयोगशाळेने आकडाच दिला नाही, "मोजण्यापलीकडे" असं लिहिलं. तिथल्या बाईंनी समजावलं की प्रत्येक ई. कोलाय आजार करत नाही, पण तो सापडला म्हणजे कुठून तरी विष्ठा आत आली आहे.

आमची पद्धत अशी: गोठा वाफ्यांच्या वरच्या अंगाला आहे. शेण त्याच्याच कडेला ढिगात टाकतो आणि साधारण दीड महिन्याने वाफ्यात मिसळतो. पाणी शेततळ्यातून तुषारने देतो. कापलेल्या जुड्या विहिरीच्या पाण्याने भरलेल्या टबात बुडवून, हलवून काढतो आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवतो.

धुण्यात मी काहीच कसर ठेवत नाही, मग घाण येते कुठून? पाण्यात क्लोरीन घातला की काम होईल का? आणि आधी काय बदलू? सगळं एकदम जमणार नाही.

— पाटाचंपाणी

प्रतिसाद: सूक्ष्मदर्शी

ताई, अन्नातल्या जंतूंच्या तपासणीचं काम करतो म्हणून लिहितोय. आधी चार गोष्टी सांगा. टबातलं पाणी सकाळभरात किती वेळा बदलता? शेततळ्याचं पाणी कधी तपासलंय का? खत टाकल्यापासून कापणीपर्यंत किती दिवस जातात? आणि खताच्या ढिगाच्या आत किती गरम असतं?

प्रतिसाद: पाटाचंपाणी

पाणी एकदाच भरतो. तळं कधीच तपासलं नाही, बदकं उतरतात त्यात. खतानंतर पालकाची पहिली कापणी तीस-पस्तीस दिवसांत होते. ढिगाचं तापमान आजवर मोजलं नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून लांब दांड्याचा थर्मामीटर आणून आत्ता पाहिलं. मधोमध ५८ अंश. कडेपासून वीतभर आत ३४. तळाशी तर हात घातला तर गार आणि चिकट लागलं.

प्रतिसाद: सूक्ष्मदर्शी

तुमचं अर्धं उत्तर त्या ३४ मध्ये आहे. ढीग मध्यभागी छान तापलाय, पण कडेचं आणि तळाचं शेण कच्चंच राहिलंय. दीड महिन्याने तुम्ही फावडं घालता तेव्हा दोन्ही एकत्र होतं आणि मधल्या कमावलेल्या खताला कडेचे जंतू पुन्हा लागतात.

पालथ्या घालायच्या ढिगासाठी ठरलेला नियम असा की तो किमान १५ दिवस ५५ अंशांवर किंवा त्यापुढे राहिला पाहिजे आणि तेवढ्या काळात निदान ५ वेळा पालथा घातला पाहिजे, म्हणजे कडेचा माल आत जाऊन तापतो. दिवस मोजून भागत नाही, थर्मामीटर खुपसूनच पाहावं लागतं. काळा रंग आणि मातीचा वास आला की लोक खत तयार झालं म्हणतात, पण जंतू मेले की नाही हे वास सांगत नाही.

असं तापवणं जमलं नाही तर ते कच्चं शेण समजा. कच्च्या शेणासाठी अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमात अंतर दिलंय: खाण्याचा भाग मातीला टेकत असेल तर खत आणि कापणीत १२० दिवस, टेकत नसेल तर ९०. तुमचे पस्तीस दिवस त्याच्या जवळपासही नाहीत. कच्चं शेण टाकायचंच तर जे शिजवून खातात किंवा उशिरा निघतं अशा पिकाच्या वाफ्यात टाका.

आता टब. भाजी धुतली की स्वच्छ झाली असं आपण धरून चालतो. पण पानाच्या सुरकुतीत, कापलेल्या देठात जंतू घट्ट बसतात. चांगल्या धुण्यानेही साधारण ९० ते ९९ टक्केच निघतात. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण ई. कोलाय ओ१५७ या जातीचे शंभराच्या आतले जिवाणूही माणसाला आजारी पाडू शकतात, आणि लहान मुलांत त्याने मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत मजल जाते. त्यात एकाच पाण्यात शंभर जुड्या बुडवल्या तर एका जुडीची घाण नव्व्याण्णव जुड्यांना लागते. तुमच्या विहिरीत काही खोट नाही. टबात जे सापडलं ते तुमच्याच पानांवरून आलंय.

क्लोरीन पाण्यातले जंतू मारतो, म्हणजे एका जुडीवरून दुसरीवर जाणं थांबवतो. पानाला चिकटलेल्यांवर त्याचा जोर फारसा नाही. शिवाय माती आणि पानांचा रस पाण्यात उतरला की क्लोरीन तिथेच खर्च होतो. म्हणून अंदाजाने बूच भरून ओतू नका. भाजी धुण्यासाठी मान्य असलेलंच घ्या, लेबलवरचं प्रमाण पाळा, क्लोरीन मोजायच्या पट्टीने पुन्हा पुन्हा मोजा, पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) ६.५ ते ७.५ ठेवा. आणि त्यात आम्ल कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

तळ्याचं पाणी तपासून घ्याच. तुषारने ते थेट त्या पानावर पडतं जे पुढे कुणीतरी कच्चं खाणार आहे.

प्रतिसाद: बांधावरून

मुळावरच घाव घाला, शेणखत बंद करा. पिशवीतलं खत वापरा, प्रश्न मिटला.

प्रतिसाद: सूक्ष्मदर्शी

नाही मिटत हो. २००६ साली अमेरिकेत पालकातून ओ१५७ची साथ आली, सुमारे २०० लोक आजारी पडले, काही दगावले. तोच जंतू शेताजवळच्या गुरांच्या शेणात, ओढ्याच्या पाण्यात आणि रानडुकरांत सापडला. पिशवीतलं खत वापरलं तरी तळं, बदकं, गोठ्यातून वाहून येणारं पाणी जागच्या जागी राहतं. चांगलं कुजवलेलं खत मातीला हवंच आहे, फक्त ते खरोखर कुजलेलं हवं.

प्रतिसाद: जुनाविळा

ताई, मी चाळीस वर्षं भाजीच काढतोय. शास्त्र सूक्ष्मदर्शी सांगतीलच, मी डोळ्यांना दिसतं ते सांगतो.

एक दिवस कापणी चालू असताना बांधावर नुसत्या बसून राहा. कापणारा माणूस दोन जुड्यांच्या मध्ये विळा कुठे ठेवतो ते बघा. आमच्याकडे तो मातीत रोवायचे. मातीतलं पातं पुढच्या ताज्या कापलेल्या देठावर जायचं. आता प्रत्येकाच्या कमरेला धुता येईल असं प्लास्टिकचं म्यान आहे आणि सुट्टी झाली की विळे धुऊन, निर्जंतुक करून टांगतो.

क्रेट जमिनीवर टेकवून मग एकावर एक रचता का? मग वरच्या क्रेटच्या बुडाची माती खालच्या क्रेटमधल्या भाजीत पडते. आणि ते गोणपाट आजच काढून टाका. कायम ओलं आणि कधीच न धुतलेलं कापड भाजीवर पांघरायचं नसतं.

शेवटचं, जे कुणी बोलत नाही. कामाला येणाऱ्या बायामाणसांना शौचालय किती लांब आहे? तिथे साबण आणि वाहतं पाणी आहे का? लांब असलं तर माणसं आडोसा शोधतात, त्यात त्यांचा दोष नाही. आणि ज्याला जुलाब होतायत त्याला त्या दिवशी भाजीला हात लावू देऊ नका, पण त्याची मजुरीही कापू नका. कापलीत तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. अ प्रकारच्या काविळीचा विषाणू आणि उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस माणसाकडूनच भाजीवर येतात, त्यांचा गुरांशी संबंध नाही.

प्रतिसाद: पाटाचंपाणी

काका, बांधावर बसले. दोन तासांत विळा अकरा वेळा मातीत रोवलेला पाहिला. त्यातले तीन वेळा मीच. आणि धुतलेल्या क्रेटवरून कोंबडी चालत गेली, ती आजवर मला दिसलीच नव्हती.

तीन आठवड्यांत एवढं झालं: गोठा आणि वाफ्यांच्या मध्ये चर खणून सांडपाणी खालच्या अंगाला वळवलं. ढीगही तिकडेच हलवला, दर तीन दिवसांनी पालथा घालतो, थर्मामीटरचा आकडा भिंतीवर लिहितो. ज्या वाफ्यांत कच्चं खत गेलं होतं तिथली भाजी कच्ची खाण्यासाठी विकणं थांबवलं. नुकसान झालं, पण दुसरा रस्ता दिसला नाही. तळ्याचा अहवाल वाईट आला, तेव्हा कच्च्या खाण्याच्या भाज्यांना आता विहिरीचं पाणी ठिबकने देतोय. टब बंद केला. जुड्या जाळीवर पसरून वाहत्या पाण्याखाली धुतो, आणि ज्यांना माती लागलेली नाही त्या धुतच नाही, कोरड्याच पाठवतो. शौचालय आणि हात धुण्याचा नळ वाफ्यांजवळ आणायचं काम चालू आहे.

त्या मुलीच्या आईला फोन करून हे सगळं सांगितलं. चूक कुणाची हे ठरलेलं नाही, तरी मला सांगावंसं वाटलं.

एक अडचण उरली आहे. पाऊस लागला की ढीग भिजून गार होतो. प्लास्टिकने झाकला तर आत हवा राहत नाही आणि घाण वास सुटतो. काय करावं?

प्रतिसाद: जुनाविळा

प्लास्टिक ढिगाला चिकटवू नका. चार खांबांवर छप्पर घाला, बाजू उघड्या ठेवा. जमीन थोडी उंच करून घ्या, म्हणजे पाणी खालून शिरणार नाही. वास सुटला तर कोरडा पालापाचोळा किंवा काड मिसळून लगेच पालथा घाला, दोन दिवसांत आकडा पुन्हा चढतो की नाही बघा. नाही चढला तर मोजलेले पंधरा दिवस पहिल्यापासून धरायचे.