मदत हवी आहे: मण्यांची पट्टी विळ्यासारखी वाकतेय, काय चुकतंय?

नमस्कार मंडळी,

आईसाठी बारीक काचेच्या मण्यांची चिंचपेटी विणायला घेतली आहे आणि सहा इंचांवर अडकले आहे. दोनदा पूर्ण उसवून झाली. इथे मणीकाम करणाऱ्या बऱ्याच जणी आहेत हे जुने धागे वाचताना कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुढच्या महिन्यात आईला पंचाहत्तर पूर्ण होतील. माझ्या लहानपणी ती तंगुसावर मण्यांची तोरणं, ताटावरचे रुमाल, रुखवतातल्या कोयऱ्या करायची. आमच्या गल्लीतल्या कितीतरी मुलींच्या रुखवतात तिच्या हातचं काहीतरी असायचंच. आता नजर साथ देत नाही, तर दहाएक वर्षांत तिने सुई हातात घेतलेली नाही. पण उरलेले मणी तिने टाकले नाहीत. हिरवे, डाळिंबी आणि मोतिया, अशा तीन बरण्या फडताळात तशाच होत्या. तिच्याच मण्यांचं काहीतरी तिच्या गळ्यात घालावं असं मनात आलं.

आईची पद्धत दोन टोकांची होती. तंगुसात तीन मणी ओवायचे, चौथ्यातून दोन्ही टोकं समोरासमोर काढायची आणि ओढायचं, की चौकोनी फूल तयार. मला सलग, कापडासारखी पट्टी हवी होती म्हणून मी व्हिडिओ बघून पेयोटी टाका शिकले. यात एकच सुई. प्रत्येक ओळीत एक मणी घ्यायचा, खालचा एक सोडायचा, पुढच्यातून सुई काढायची. नवा मणी बरोबर खाचेत बसतो आणि विटांच्या भिंतीसारखी वीण दिसते. सम संख्येत मणी घेतले की काठाला वळताना काही कसरत करावी लागत नाही, म्हणून रुंदीत दहा मणी घेतले आहेत.

नक्षी अशी: एका काठाला दोन हिरवे, मध्ये सहा मोतिया, दुसऱ्या काठाला दोन डाळिंबी. आईच्या लग्नातल्या साडीला गंगाजमना काठ होता, अगदी याच दोन रंगांचा. म्हणून हीच नक्षी करायची आहे.

आता अडचणी.

मुख्य अडचण ही की पट्टी सरळ राहत नाही. पहिले दोन इंच काही जाणवत नाही. तिसऱ्या इंचापासून एका बाजूला कलायला लागते आणि सहा इंचांवर टेबलावर ठेवली तर चक्क विळ्यासारखी दिसते. मला वाटलं माझा हात एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल पडतो. म्हणून दुसऱ्या खेपेला प्रत्येक वळणावर मोजूनमापून ओढलं. तरी तशीच वाकली.

दुसरी अडचण दोऱ्याची. आधी शिवणाचा पॉलिएस्टर दोरा मेण लावून घेतला होता, तो तिसऱ्या इंचावर तुटला. मग बारीक तंगूस घेतला, पण तो ताठ राहतो आणि ओळी उघड्या पडतात. आता फायरलाइन नावाचा दोरा वापरते आहे, सहा पौंडाचा (म्हणजे तेवढं वजन पेलणारा), धुरकट रंगाचा. हा तुटला नाही, पण बोटं काळी होतात आणि मोतिया मणी मळकट दिसायला लागलेत.

तिसरी, शेवटाचा दोरा जिरवताना एका डाळिंबी मण्यातून सुई जाईना. मी पकडीने ओढली आणि मणी फुटला. तोही मधोमध. उसवण्याशिवाय इलाज नव्हता. सुई बारा नंबरची आहे.

आणि शेवटचं, गळ्यामागे काय लावू? बाजारात मिळणारे हूक लावून पाहिले, आईला मान मागे करून ते लावता येणार नाहीत.

बहीण म्हणते एवढं करण्यापेक्षा एकसारखे जपानी मणी मागव. ते खरोखर सुंदर असतात, मी हातात घेऊन पाहिले आहेत. पण मग ते आईचे मणी नाहीत. या जुन्या मण्यांतून सरळ पट्टी होणं शक्य आहे का, एवढं आधी सांगा. नसेल तर दुसरा कुठला टाका घेऊ?

*

प्रतिसाद:

अगं, शक्य आहे, आणि टाका बदलायची गरज नाही. तुझा हातही दोषी नाही असं मला वाटतं. हात एका बाजूला घट्ट पडत असता तर दुसऱ्या खेपेला थोडा तरी फरक पडला असता.

तू लिहिलेल्या नक्षीतच उत्तर आहे. एका काठाला फक्त हिरवे, दुसऱ्या काठाला फक्त डाळिंबी. आता पेयोटी पट्टीत मण्यांची भोकं आडवी असतात, म्हणजे रुंदीच्या दिशेने. त्यामुळे पट्टीची लांबी ठरते ती मण्याच्या जाडीवर. हिरवा मणी डाळिंबीपेक्षा केसभर जाड असला तरी प्रत्येक ओळीला तो केस जमा होत जातो. हिरवा काठ लांब झाला, डाळिंबी आखूड राहिला, की पट्टी डाळिंबीच्या बाजूला वाकणारच. वाकते ती डाळिंबीकडेच ना?

खात्री करायची असेल तर तिन्ही रंगांचे वेगळे तुकडे विण. सहा मणी रुंद, चाळीस ओळी. ताण तोच ठेव. मग मोजपट्टीने लांबी मोज. नुसते ओवून मोजू नकोस, त्याने मण्यांची भोकाच्या दिशेची लांबी कळते, जाडी नाही. इथे बहुतेक जणी फसतात.

तुझ्या बरण्यांतले मणी एकाच घाण्यातले नसणार. काचेची लांब नळी ओढतात, तिचे तुकडे करतात, मग भट्टीत फिरवून कडा गोल करतात. नळी कुठे जाड, कुठे बारीक ओढली गेली की मणीही तसेच निघतात. रंगागणिक काच वेगळी वागते, म्हणून एकाच मापाच्या पुडीतही दोन रंग तंतोतंत जुळत नाहीत. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरला आणि आंध्रातल्या पापानायडूपेटला काचेचे मणी पिढ्यानपिढ्या करतात, आणि हाती ओढलेल्या काचेत हा फरक राहतोच. जपानी मियुकी कंपनीचे डेलिका मणी नळकांडीच्या आकाराचे आणि फार काटेकोर असतात, म्हणून त्यांची वीण फरशीसारखी बसते. पण तेच एक खरं असं मुळीच नाही. जुन्या मण्यांच्या विणीला जो जिवंतपणा असतो तो त्यांत येत नाही.

उपाय दोन. सोपा उपाय म्हणजे दोन्ही काठांना एकच रंग घे. मग दोन्ही काठ सारखे वाढतील आणि पट्टी सरळ येईल. फक्त लक्षात ठेव, काठाचे मणी मधल्यांपेक्षा फारच जाड असले तर काठाला झालर सुटते, आणि मधले फार जाड असले तर पट्टी द्रोणासारखी होते.

गंगाजमना सोडायचाच नसेल तर मणी निवड. हिरव्यातले बारीक आणि डाळिंबीतले जाड असे बाजूला काढ आणि तेवढेच वापर. बारा इंचाच्या पट्टीला साधारण दीड हजार मणी लागतात, त्यातले काठाचे प्रत्येक रंगाचे तीनशे. तीन-साडेतीनशे निवडणं अशक्य नाही.

*

प्रतिसाद:

दोऱ्याबद्दल लिहिते. पॉलिएस्टर दोरा मेणाने तुटला नाही, मण्याच्या कडेने कापला गेला. जुन्या मण्यांत काहींच्या भोकाची कड फुटकी असते. सुई आडवी धरून भोकाच्या तोंडावरून अलगद फिरवा, खरखर लागली तर तो मणी बाद. नळ्यांच्या, म्हणजे लांबट नळीसारख्या मण्यांच्या बाबतीत तर हे हमखास होतं, त्यांची टोकं फुटक्या काचेसारखीच धारदार असतात. म्हणून नळ्या वापरताना दोन्ही टोकांना एकेक गोल मणी घालायचा.

फायरलाइन बरोबर निवडलात. मूळचा तो मासेमारीचा दोरा, ताणला तरी फारसा वाढत नाही. धुरकट दोऱ्याचा रंग सुटतोच. ओवण्याआधी दोरा ओल्या फडक्यातून दोन-तीनदा ओढून घ्या, बराचसा काळेपणा निघून जाईल. मोतिया मण्यांसाठी मात्र त्यातलाच पांढरट पारदर्शक दोरा घ्या, फरक लगेच दिसेल. दोऱ्याचं टोक पकडीत चपटं दाबलंत की सुईच्या नेढ्यात सहज जातं.

मणी फुटण्याचं कारण सरळ आहे. विणताना प्रत्येक मण्यातून दोरा दोनदा जातो. त्यात टोक जिरवताना तिसरी-चौथी फेरी झाली की बारीक भोक भरून जातं. सुई अडली की मागे घ्यायची आणि शेजारच्या मण्यातून वाट काढायची. पकडीने सुई ओढायची नाही, कधीच नाही. जिरवण्यासाठी तेरा नंबरची, म्हणजे आणखी बारीक सुई वेगळी ठेवा आणि दोरा चार पौंडाचा घ्या. गाठ मारायचीच असेल तर दोन मण्यांच्या मधल्या दोऱ्यावर मारा, भोकात सरकू देऊ नका, नाहीतर तो मणी कायमचा बंद.

आणखी एक, डाळिंबी रंग काचेचाच आहे की वरून दिलेला, हे तपासून घ्या. चार मणी नखांचं पॉलिश काढायच्या द्रावणात रात्रभर ठेवा, चार खिडकीत उन्हात ठेवा. गळ्यातला दागिना आहे, घाम लागणारच. गुलाबी आणि जांभळ्यात रंगवलेले मणी जास्त निघतात, कारण पक्क्या गुलाबी काचेसाठी बहुधा सोनं वापरतात आणि ती महाग पडते.

*

प्रतिसाद:

मागच्या बाजूला हूक कशाला? आपली चिंचपेटी, ठुशी नेहमी दोऱ्यावरच असते. पट्टीच्या दोन्ही टोकांना मणी कमी करत त्रिकोण करा, टोकाला पितळी कडी शिवा, कडीतून दोरा पाच-सहा वेळा फिरवा म्हणजे निसटणार नाही. मग पटवेकऱ्याकडून, म्हणजे दागिने दोऱ्यात गाठवून देणाऱ्याकडून, रेशमी दोरा आणि सरकता गोंडा करून घ्या. डोक्यातून घालायची आणि गोंडा खाली ओढायचा. मान मागे करावी लागत नाही, आणि माप कमीजास्त झालं तरी चालतं. पुण्यात रविवार पेठेत गोंड्याचं काम करणारे आहेत.

*

मूळ धागाकर्तीचा प्रतिसाद:

तुम्हा तिघींचे मनापासून आभार. तुकडे विणून पाहिले. चाळीस ओळींना हिरवा भरला 43 मिलिमीटर, मोतिया 41, डाळिंबी 40. आणि हो, पट्टी डाळिंबीकडेच वाकत होती. तीन मिलिमीटरचा फरक एवढं करतो हे डोळ्यांनी पाहिल्यावरच पटलं. दोन खेपा मी माझ्या हाताला दोष देत बसले होते.

काठ बदलायचं मन होईना, म्हणून मणी निवडायला बसले. चष्मा लावून, उन्हात, ताटात मखमलीचा तुकडा पसरून. पाऊण तासात जेमतेम चाळीस मणी झाले आणि तेही बरोबर आहेत की नाहीत कोण जाणे. आई शेजारी बसून शेंगा सोलत होती. तिने विचारलं काय चाललंय. मी म्हटलं तोरण करायचंय, बारीक आणि जाड वेगळे करतेय. तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि ताट स्वतःकडे ओढलं. मण्यांकडे बघितलंसुद्धा नाही. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये मणी एकदा फिरवायचा, की डावीकडे किंवा उजवीकडे. तांदळातले खडे निवडताना तिचा हात असाच चालायचा. दुपारचा चहा होईपर्यंत हिरवे सगळे झाले होते. दुसऱ्या दिवशी डाळिंबी. काही मणी तिने तिसरीकडे टाकले, विचारलं तर म्हणाली, "हे दोरा कापतात." मी सुई फिरवून पाहिली. कड फुटकीच होती.

निवडलेल्या मण्यांचे पुन्हा तुकडे विणले. हिरवा 41, डाळिंबी 41 ला किंचित कमी. डाळिंबीचे मणी चार दिवस उन्हात आणि एक रात्र द्रावणात ठेवले, रंग तसाच आहे. पांढरट दोरा आणि तेरा नंबरची सुई मागवली ती काल आली.

नवी पट्टी आत्ता चार इंच झाली आहे आणि टेबलावर सरळ पडून आहे. काठाला झालर नाही, द्रोणही नाही. आई झोपली की रात्री विणते. तिला अजून तोरणच वाटतंय, आणि कालच तिने विचारलं की एवढे बारीक निवडून घेतलेस, कोयरी नीट बसतेय ना.

आता गोंड्याचं तेवढं राहिलं. मी मिरजेला असते, एवढ्यासाठी पुण्याला जाणं या महिन्यात जमणार नाही. मिरज, सांगली किंवा कोल्हापूरकडे रेशमी गोंडा करून देणारे पटवेकरी कुणाला माहीत आहेत का? दोरा हिरवा घ्यावा की डाळिंबी, हेही सांगा. मला हिरवा वाटतोय, त्या साडीचा पदर हिरवा होता.