इस्तंबूलची रुस्तम पाशा मशीद: दुकानांच्या डोक्यावर का बांधली? आणि तो लाल रंग?

भटकी_पावलं:
नुकताच इस्तंबूलला जाऊन आलो. निळी मशीद, सुलेमानिये मशीद सगळं पाहिलं, पण मनात राहिली ती मसाला बाजाराजवळची रुस्तम पाशा. दोनदा तिच्या खालून गेलो तरी कळलंच नाही, शेवटी एका दुकानदाराने बोट दाखवलं तेव्हा तो अरुंद दगडी जिना दिसला, वर गेलो तर एकदम मोकळी जागा आणि समोर भिंतभर ट्यूलिप! एवढ्या मोठ्या वजिराची मशीद अशी दुकानांवर का? आणि टोमॅटोसारखा तो लाल, निळ्या मशिदीत तसा का नाही दिसला?

चुना_आणि_वीट:
पेठ दाटीची, म्हणून वास्तुकार सिनानने खाली कमानींची दुकानं काढली आणि त्यावर मशीद चढवली, त्यामुळे गर्दीतही घुमट लांबून दिसतो. शिवाय दुकानांचं भाडं मशिदीच्या खर्चाला. रुस्तम म्हणजे सुलतान सुलेमानचा जावई, मिहरिमाहचा नवरा, अफाट श्रीमंत. तो 1561 मध्ये गेला, काम पूर्ण झालं त्यानंतर.

मातीकाम:
लाल रंगाबद्दल मी सांगते, सिरॅमिक हेच माझं काम. टाइल्स इझनिक गावच्या. निळा, हिरवा पातळ लावतात, पण हा लाल म्हणजे लोह असलेली माती, ती जाडसर द्यावी लागते, म्हणून ग्लेझखाली, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराखालीसुद्धा उंचवटा राहतो. पातळ झाली की भट्टीत विटकरी नाहीतर तपकिरी होऊन बसते, फार कठीण काम आहे हो ते. हा लाल टाइल्सवर आला सुलेमानियेच्या वेळी, 1550 च्या दशकात, म्हणजे रुस्तम पाशाला तो अगदी भरात असताना मिळाला. निळी मशीद 1609 ते 1616 ची, वीस हजारांवर टाइल्स, आणि तोवर इझनिकचा दर्जा घसरायला लागला होता.

चुना_आणि_वीट:
मला मात्र टाइल्स जरा जास्तच वाटतात, खांबसुद्धा सोडले नाहीत. सुलेमानियेत त्याच सिनानने त्या फक्त किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या भिंतीवर ठेवल्यात. इथे मान वर करून घुमट बघा, साधारण 15 मीटरचा, आठ कमानींवर, आणि मोकळे उभे खांब फक्त चार, बाकीचे भिंतीतच मिसळलेत. म्हणून ती छोटी मशीद आत एवढी ऐसपैस वाटते.

भटकी_पावलं:
@मातीकाम आत्ता फोटो झूम करून पाहिले. खिडकीजवळच्या एका फुलाच्या लाल पाकळीला खरंच कडेने बारीक सावली आहे!!