वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्यानंतर जपानात काय झालं?

आमच्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानात क्रूसावर गेले, हे आजीकडून लहानपणापासून ऐकलंय. पण तिथल्या ख्रिस्ती लोकांचं पुढे काय झालं?

उत्तर: ५ फेब्रुवारी १५९७, नागासाकी. गोन्सालोंसह एकूण २६ जण क्रूसावर गेले. क्योतोत कान कापले, मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं. त्यात बारा वर्षांचा पोरगाही होता हो!

उत्तर: १६१४ ला ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. कोण ख्रिस्ती आहे ते ओळखायला येशू-मरियेच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावायचे. पाय पडून पडून त्या धातूच्या प्रतिमांवरचे चेहरे गुळगुळीत झालेत. मला बघवलं नाही. तरी प्रार्थना घरोघरी तोंडपाठ टिकल्या. १८६५ मध्ये नागासाकीजवळच्या उराकामी गावची माणसं नागासाकीतल्या ओउरा चर्चमध्ये येऊन पाद्रींना हळूच म्हणाली, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. म्हणजे, आम्हीही ख्रिस्तीच.

प्रश्नकर्ती: आजीला आत्ताच वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाली.