अँजिओप्लास्टीनंतर दादा गप्प झालाय. हृदयरुग्णाला नैराश्याच्या गोळ्या चालतात का?

नमस्कार मंडळी. धागा लांबलाय, सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ, वय ५२, नाशिकला असतो, हार्डवेअरचं दुकान आहे. जानेवारीत अटॅक आला, एक स्टेंट टाकला. टू-डी इको चांगला आलाय, बीपी ताब्यात, शुगर नाही. डॉक्टर म्हणतात, "हार्ट मस्त आहे, फिरायला लागा." पण नवे बूट अजून खोक्यातच. पहाटे साडेतीनला उठून गॅलरीत बसून राहतो, जेवण जेमतेम दोन घास. दुकानात जातो, पण गल्ल्यावर मुलगा आणि हा मागे गोदामात. एरवी गिऱ्हाइकाशी दोन रुपयांवरून वाद घालणारा माणूस! आई म्हणते, "जिवावरचं संकट टळलं, आता तोंड पाडून काय बसायचं?" वहिनी म्हणते अशक्तपणा आहे.

मला खरा घोर लागलाय तो गोळ्यांच्या डबीचा. परवा भरायला घेतली तर मंगळवार ते शुक्रवारचे कप्पे तसेच. रक्त पातळ करायच्या गोळ्यासुद्धा त्यातच. विचारलं तर म्हणाला, "घेऊन तरी काय होणारे?"

तेव्हापासून वाचत बसलेय. अटॅक आलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला मोठं नैराश्य येतं म्हणे, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्येच हा पुढच्या धोक्याचा घटक मानावा असं सांगितलंय. कारणं म्हणून ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी, शरीरातली सूज, बरंच काही लिहिलेलं असतं. आमच्या घरी मात्र तो न उघडलेला कप्पाच पुरेसा आहे.

विचारायचं असं: अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (त्याच रक्त पातळ करायच्या गोळ्या) चालू असताना नैराश्याचं औषध देतात का? आधी कार्डिऑलॉजिस्टला सांगू की थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे नेऊ? आणि नेऊ कसं? "मी काय वेडा आहे का?" हे एकच उत्तर मिळतं.

प्रतिसाद १
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. न तपासता निदान करणार नाही, पण एक गोष्ट उद्यावर टाकू नका: गोळ्या चुकल्यात हे कार्डिऑलॉजिस्टना आजच कळवा. स्टेंट नवा असताना या गोळ्या मध्येच सुटल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. राहिलेल्या गोळ्या एकदम देऊ नका.

औषधं देतात. २००२ मध्ये ३६९ हृदयरुग्णांवर सर्ट्रालिन या नैराश्याच्या औषधाचा अभ्यास झाला, त्यात हृदयाला अपाय दिसला नाही. मात्र अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलसोबत रक्तस्राव होण्याचा संभव वाढतो, म्हणून काळी शौच, हिरड्यांतून रक्त यावर लक्ष लागतं. अमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्याची जुनी औषधं अशा रुग्णात शक्यतो टाळतात. सिटालोप्राम हे नैराश्याचं दुसरं औषध द्यायचं तर ईसीजी आणि डोस दोन्ही बघावे लागतात. तेव्हा शेजाऱ्याची चिठ्ठी चालणार नाही. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या.

"हे घेतलंस की दुसरा अटॅक येणार नाही" असं दादांना सांगू नका. २००३ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात समुपदेशनाने मन सुधारलं, पण पुन्हा अटॅक येणं किंवा मृत्यू काही कमी झाले नाहीत. झोप लागावी, जेवण जावं, गोळ्या वेळेवर घ्याव्यात, उपचाराला एवढं कारण भरपूर आहे.

"घेऊन तरी काय होणारे" यावर थांबू नका. जगायची इच्छा उरली नाही असं वाटतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाले तर एकटं ठेवू नका, लगेच दवाखान्यात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

प्रतिसाद २
आमच्या काकांचंही हेच होतं, घरच्यांचं अजिबात ऐकेनात. शेवटी कार्डिऑलॉजिस्टनीच फाईलवर लिहून दिलं, "यांनाही दाखवा." हृदयाच्या डॉक्टरांनी लिहिलंय म्हटल्यावर निमूट गेले. फॉलो-अपच्या आधी डॉक्टरांना फोन करून ठेवा, तेच विषय काढतील.

धागाकर्ती
दोघांचे आभार. डॉक्टरांना फोन झाला, आजची गोळी वहिनीने समोर बसून दिली, उद्या सकाळी अकराला बोलावलंय. दादाला विचारायचं मीच ठरवलंय, आज रात्री जेवणानंतर. वहिनीकडून आत्ता कळलं की दादाने केमिस्टकडून झोपेच्या गोळ्याही आणल्यात. पट्टी माझ्याकडे घेतलीय, उद्या दाखवते. आणखी काही विचारायला हवं का डॉक्टरांना?