सोलर + हायड्रोजनवर अख्खी बिल्डिंग चालेल का?

प्रश्न: गच्चीवर सोलर आहे, दुपारी वीज उरते. ती हायड्रोजन करून साठवली तर ढगाळ महिन्यांत कामी येईल ना? की बॅटरीच बरी?

प्रतिसाद १: रात्रीपुरतं असेल तर बॅटरीच घ्या, ८५-९० टक्के वीज परत मिळते. हायड्रोजनचं गणित बघा, इलेक्ट्रोलायझरला (विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणारं यंत्र) १ किलो बनवायला साधारण ५०-५५ युनिट लागतात आणि फ्युएल सेलमधून (हायड्रोजनपासून पुन्हा वीज बनवणारं यंत्र) परत येतात १६-१७, म्हणजे दोन तृतीयांश वाटेतच गेली. पण बॅटरीत तीन महिन्यांची वीज भरून ठेवायची म्हटलं तर ती परवडणारच नाही, टाकीतला गॅस मात्र कितीही महिने तसाच राहतो, खरी गंमत तिथे आहे.

प्रतिसाद २: वाटेत गेली म्हणजे उष्णता झाली हो, फ्युएल सेलचं गरम पाणी अंघोळीला वापरा, मग हिशोब बराच सुधारतो. आणि टाकी उघड्यावरच ठेवा प्लीज! हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो, आणि बंद जागेत हलका असल्याने छताशी साचतो, म्हणून तिथे सेन्सर वरच लावायचा.

प्रश्नकर्ता: गरम पाण्याचं लक्षातच नव्हतं आलं, आभार! आधी बॅटरी बसवतो, महिन्यागणिक किती वीज उरते ते वर्षभर लिहून ठेवतो.