‘सटायटी’ला मराठीत काय म्हणावे : तृप्ती, पोट भरणे की आधार?

विचारणा

निपाणीतील एका दवाखान्यासाठी मधुमेहाच्या रुग्णांना द्यावयाचे माहितीपत्रक मी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत तयार करीत आहे. मूळ मजकुरात ‘अपेटाइट’, ‘सेशिएशन’ आणि ‘सटायटी’ हे तीन शब्द तीन निराळ्या अर्थांनी आले आहेत. माझ्या हाताशी असलेल्या कोशात मात्र पहिल्याला ‘भूक’ आणि उरलेल्या दोहोंना ‘तृप्ती’ एवढेच मिळते. ‘या आहाराने तृप्ती अधिक काळ टिकते’ हे वाक्य मी सासूबाईंना वाचून दाखवले, तेव्हा हे महाप्रसादाविषयी असावे असे त्यांना वाटले. कन्नडमध्येही ‘तृप्ति’ हाच शब्द चालत असल्याने तिकडूनही मदत होत नाही. जाणकारांनी कृपया सुचवावे.

उत्तर

आपल्या सासूबाईंचा कान अचूक आहे. तृप्ती हा मनाचा शब्द आहे. ती गाणे ऐकूनही होते आणि नातवंड जेवताना पाहूनही होते. आपल्याला हवे आहेत ते पोटाचे शब्द, आणि ते आपल्या भागातल्या रोजच्या बोलण्यात आहेत.

‘सेशिएशन’ म्हणजे जेवता जेवता हात थांबवणारी जाणीव. तिला ‘पोट भरणे’ हेच म्हणावे; कन्नडमधले ‘होट्टे तुंबितु’ही नेमके तेच सांगते. जठर ताणले जाते, अन्नातील स्निग्ध पदार्थ व प्रथिने लहान आतड्यात पोहोचली की तेथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवते, आणि हा निरोप मज्जातंतूंमार्फत मेंदूपर्यंत जातो. हे संप्रेरक टोचल्यावर उंदरांचे खाणे कमी होते, हे १९७३ साली प्रयोगाने दिसून आले होते. या मर्यादेपलीकडे खाल्ले की होते ती ‘तडस’; तो त्रासाचा शब्द आहे, म्हणून तो पत्रकात समाधानाच्या अर्थाने येऊ देऊ नये.

‘सटायटी’ याहून वेगळी आहे. जेवण आटोपल्यावर पुढची भूक किती वेळ लांबते, हा तिचा विषय आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे ‘आधार’ हा सुंदर शब्द आहे. खानापूरकडे लावणीच्या दिवसांत सकाळी नाचणीची आंबील पिऊन चिखलात उतरणारी बाई ‘एवढ्यानं दुपारपर्यंत आधार राहतो’ असे म्हणते, तेव्हा ती तृप्तीविषयी बोलत नसते, तर आंबील पोटात किती वेळ टिकेल याचा हिशेब सांगत असते. अथणीकडचा शेतकरी जोंधळ्याच्या भाकरीविषयी असेच बोलतो. सिडनीत १९९५ साली ३८ पदार्थ सारख्याच उष्मांकाच्या मापाने लोकांना खाऊ घालून पुढचे दोन तास त्यांना पोट किती भरलेले वाटते, हे मोजले गेले. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तेव्हा उकडलेल्या बटाट्याला ३२३ आणि लोणी घालून केलेल्या क्रॉसाँला अवघे ४७ गुण मिळाले. उष्मांक सारखेच असूनही आधार सारखा नव्हता, एवढी एक गोष्ट आपल्या रुग्णांना कळली तरी पत्रकाचे निम्मे काम झाले असे मी समजेन.

आणखी एक शब्द आपण विचारलेला नाही, तरी तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. शहापुरातल्या एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारच्या गृहस्थांनी पानावर आडवा हात धरला आणि ‘बस्स, आता घासभरसुद्धा जागा नाही’ असे सांगून भात परतवला. पाठोपाठ कुंदा या गोड पदार्थाचे ताट आले आणि तो हात आपोआप बाजूला झाला. ते गृहस्थ खोटे बोलत नव्हते. एकाच चवीचा पदार्थ खात गेले की त्या चवीची गोडी उतरते, पण वेगळ्या चवीची उतरत नाही. शास्त्रात याला वेगळी संज्ञा आहे. मराठीत ‘भातावरून मन भरले’ असे म्हटले की अर्थ पुरा पोहोचतो. पोट भरणे आणि मन भरणे यांतला हा फरक पत्रकात जरूर असावा, कारण पदार्थांची संख्या वाढली की जेवणही वाढते ते यामुळेच.

आता ‘अपेटाइट’. भूक ही पोटातली ओढ, आणि खावेसे वाटणे ही निराळी गोष्ट. जुनी माणसे तिला ‘वासना’ म्हणतात. तापातून उठलेल्या माणसाची ‘अन्नावर वासना नाही’ हे वाक्य आमच्या घरी सर्रास बोलले जाई. आज त्या शब्दाचा दुसराच अर्थ आधी मनात येतो, म्हणून छापताना ‘खाण्याची इच्छा’ लिहावे, असे माझे मत आहे, जरी तो शब्द सोडताना मला वाईट वाटते.

‘भूक मेली’ हा प्रयोग मात्र अवश्य वापरावा. जठरातून येणारे घ्रेलिन हे संप्रेरक, जे १९९९ साली जपानी संशोधकांनी शोधले, ते जेवणाच्या नेहमीच्या वेळेपूर्वी वाढते. आणि उपाशी ठेवलेल्या माणसांतही ती वेळ टळल्यावर काही न खाताच उतरते. जेवून ‘भूक भागते’ आणि वेळ टळून ‘भूक मरते’, हा भेद आपली भाषा केव्हापासून पाळत आली आहे. १९९४ साली सापडलेल्या लेप्टिन या संप्रेरकाचा संबंध मात्र एका जेवणाशी नसून अंगावर साठलेल्या चरबीशी आहे. त्याला तयार मराठी शब्द नाही, तेव्हा ते नाव तसेच ठेवावे.

विचारणाऱ्याकडून

मनापासून आभार. ‘आधार’ एकटा लिहिला तर आजचा वाचक ओळखपत्राकडे वळेल, अशी शंका आल्याने मी सर्वत्र ‘पोटाला आधार’ असे जोडून लिहिले आहे. सुधारलेले वाक्य असे : ‘भाकरीबरोबर उसळ किंवा डाळ खाल्ल्यास पोटाला अधिक वेळ आधार राहतो.’ सासूबाईंनी ते एकदा ऐकले आणि ‘सोबत ताकही लिही’ असे सांगितले.